गोकुळधामचं घड्याळ आणि आपलं

रात्री साडेआठची वेळ. कुकरची शेवटची शिटी झालेली असते, एका शेगडीवर वरण उकळत असतं, दुसरीवर तवा तापत असतो आणि तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून ती ओळखीची धून ऐकू येते. पाठोपाठ सासूबाईंची हाक, "सुनबाई, लागलं व!" काय लागलं ते त्यांना सांगावं लागत नाही आणि मला विचारावं लागत नाही. 'तारक मेहता का उल्टा चश्मा'! तुमच्याकडे तरी वेगळं कुठे असणार? पोळ्या लाटता लाटता एक कान जेठालालकडे ठेवणारी मी काही एकटीच नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

परवाची गोष्ट सांगते. मी तव्यावरची पोळी उलटत होते. सासूबाई टी.व्ही.समोर बसल्या होत्या. शेजारी माझी लेक पुस्तक उघडं ठेवून बसली होती, म्हणजे अभ्यास चालू आहे असं आपण समजायचं! पडद्यावर टप्पू आला. सासूबाईंनी चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "काहून व, हा टप्पू होय का? हा तो नाही होय."

"आजी, हा तिसरा टप्पू आहे," लेक म्हणाली.

"तिसरा? मंग पहिले दोन कुठं गेले?"

"मोठे झाले."

सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मोठं झालं म्हणून का पोराले घरातून काढून टाकाचं असते?"

आम्ही मायलेकी खूप हसलो. पण मैत्रिणींनो, खरं सांगते, ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. तव्यावरची पोळी करपली तरी जाईना.

दोघी एकाच वर्षाच्या

ही मालिका सुरू झाली २८ जुलै २००८ रोजी. मूळ लेखन तारक मेहता यांचं. 'चित्रलेखा' या गुजराती साप्ताहिकात १९७१ पासून त्यांचं विनोदी सदर येत असे. त्यावरून असितकुमार मोदी यांनी ही मालिका काढली. घरोघरी वाचल्या जाणाऱ्या साप्ताहिकातलं एक सदर आणि त्याचा केवढा वटवृक्ष झाला, पाहा! चार हजारांहून जास्त भाग झाले. मेहतांना २०१५ साली पद्मश्री मिळाली, १ मार्च २०१७ रोजी ते गेले, पण त्यांची चाळीतली मंडळी अजून घरोघरी जेवायच्या वेळेला हजर असतात.

माझी लेकही त्याच वर्षातली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा मी ओकाऱ्या काढत काढत दिली आणि दिवाळीत ही झाली. रांगत होती तेव्हा मालिकेची धून लागली की रडायची थांबायची. बोलायला लागली तेव्हा पडद्याकडे बोट दाखवून 'टप्पू दादा' म्हणायची. शाळेत जायला लागल्यावर 'टप्पू दादाला गृहपाठ नसतो का?' हा रोजचा प्रश्न. आज ती सतरा वर्षांची आहे, बारावीत आहे. आणि टप्पू दादा? तो शाळा संपवून कसाबसा कॉलेजात पोचला आहे. जो तिचा मोठा दादा होता तो आता जवळपास तिच्या बरोबरीचा झाला. आणखी चार वर्षांनी तिचं शिक्षण संपेल आणि टप्पू दादा तिचा धाकटा भाऊ होईल!

आता जरा बोटांवर हिशेब करा. पहिल्या टप्पूचं काम करणारा भव्य गांधी २००८ साली अकरा वर्षांचा होता. त्याच्या वयाने टप्पू वाढला असता तर तो आज अठ्ठाविशीच्या घरात असता. 'गडा इलेक्ट्रॉनिक्स'च्या गल्ल्यावर बसला असता, चंपकलाल आजोबांना पणतवंडाची घाई झाली असती. पण गोकुळधाममध्ये असं होत नाही. तिथे दरवर्षी गणपती येतात, नवरात्र येतं, दिवाळी येते. टाळेबंदीनंतर जुलै २०२० मध्ये नवे भाग लागले तेव्हा तिथेही कोरोनाच्याच गोष्टी होत्या. म्हणजे कॅलेंडर आपलंच, फक्त वयाचं घड्याळ तेवढं थांबलेलं.

चेहरे बदलले, वय नाही

असं घड्याळ थांबवायचं तर काय काय करावं लागतं! भव्य गांधीने २०१७ मध्ये काम सोडलं, त्याच्या जागी राज अनाडकट आला. २०२२ मध्ये तोही गेला आणि २०२३ पासून नितीश भलुनी आला. सासूबाईंचा 'तिसरा टप्पू' तो हाच. भिड्यांच्या सोनूचं तर विचारूच नका. झील मेहता २०१२ मध्ये शिक्षणासाठी गेली. मग निधी भानुशाली आली, २०१९ मध्ये पलक सिधवानी आली, २०२४ मध्ये खुशी माळी आली. चार सोनू झाल्या! पहिल्या सोनूचं, म्हणजे झील मेहताचं, २०२४ च्या डिसेंबरात लग्नसुद्धा झालं आणि पडद्यावरची सोनू अजून आईच्या हातचा डबा घेऊन निघते आहे.

गोलीचं काम करणारा कुश शाह मात्र तब्बल सोळा वर्षं टिकला. शाळकरी पोर म्हणून आला, मिसरूड फुटलं, आवाज फुटला, सगळं आपल्या डोळ्यांसमोर. २०२४ मध्ये त्याने निरोप घेतला तेव्हा माझ्या लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं. आपल्या वर्गातला मुलगा शाळा सोडून जावा तसं तिला वाटलं असणार.

आणि काही जण तर जगातूनच गेले. डॉक्टर हाथींचं काम करणारे कवी कुमार आझाद ९ जुलै २०१८ रोजी वारले, नट्टू काकांचं काम करणारे घनश्याम नायक ३ ऑक्टोबर २०२१ रोजी. पडद्यावर डॉक्टर हाथी आहेत, नट्टू काकाही आहेत, माणसं तेवढी दुसरी आहेत.

याहून गमतीची गोष्ट म्हणजे बापूजी. आपला म्हातारा, टकल्यावर टोपी घालणारा, काठी टेकत चालणारा चंपकलाल! त्याचं काम करणारे अमित भट्ट हे जेठालालचं काम करणाऱ्या दिलीप जोशींपेक्षा वयाने लहान आहेत. मी हे घरात सांगितलं तेव्हा सासूबाईंचा विश्वासच बसेना. "लहान भावाले बाप म्हणते का तो?" असं म्हणून त्या दोन दिवस हसत होत्या.

दुसऱ्या मालिकांनी हा वयाचा गुंता वेगळ्या तऱ्हेने सोडवला. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' एका झटक्यात वीस वर्षं पुढे गेली, काल पाळण्यात असलेली मुलं दुसऱ्या दिवशी बोहल्यावर! तिच्यातल्या मिहीरचे चेहरे तीन, अमर उपाध्याय, इंदर कुमार आणि रोनित रॉय. आपल्या 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली शनाया आठवते ना? रसिका सुनील गेली, ईशा केसकर आली, आणि २०२० मध्ये परत रसिकाच आली. चित्रांचं बरं असतं. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये आला, तेव्हापासून तो तेवढाच. अमेरिकेतल्या 'सिम्पसन्स'मधला बार्ट १९८९ पासून दहाच वर्षांचा आहे. कागदावरच्या पोराला मिसरूड कुठून फुटणार?

'श्रीयुत गंगाधर टिपरे' मात्र मला या बाबतीत फार आवडायची. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वरून केदार शिंदे यांनी केलेली ही मालिका २००१ साली सुरू झाली. मी तेव्हा शाळेत होते. प्रभावळकरांनी साठीही गाठली नव्हती आणि ते आबा आजोबा झाले होते. त्या घरात शिऱ्या आणि शलाका ही नातवंडं होती आणि आबांची रोजनिशी होती. रोजनिशीत तारीख लिहावीच लागते, नाही का? त्या घरचा काळ पुढे सरकत होता. काही वर्षांनी मालिकाही संपली, आणि ती संपली म्हणूनच की काय, त्यातली माणसं अजून माझ्या मनात आहेत.

आमची झाडीपट्टी आणि आमचे भिडे मास्तर

आमच्या भागात, म्हणजे ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी, गडचिरोली या पट्ट्यात, वयाचा असा खेळ लोकांना नवीन नाही. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते, लेकीबाळी, जावई, सोयरे गोळा होतात आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक असतं. जेवणं आटोपून बसायचं ते पहाटे उठायचं. पन्नाशीचा नट कॉलेजकुमार होतो, दोन लेकरांची आई नववधू होते, कोणी कुरकुर करत नाही. याच रंगभूमीवर आयुष्यभर लोकांना हसवणारे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे घरचा सोहळा असल्यासारखा आनंद झाला होता. पण नाटकातलं वय पहाटे रंग पुसला की संपतं. मालिकेचं तसं नाही. ती रोज आपल्या घरात येते, म्हणून तिचं वय आपण आपल्या घराला लावायला लागतो.

(आणि हो, पोपटलालला कुणी तरी आमच्या मंडईत आणा हो! 'कॅन्सल, कॅन्सल' म्हणायची वेळच येणार नाही. एका रात्रीत तीन स्थळं दाखवतील आमच्या मावश्या.)

मी शाळेत अर्धवेळ शिकवते, संध्याकाळी घरी शिकवण्याही घेते. म्हणून मंदार चांदवडकरांचे आत्माराम भिडे मला माझ्या जातीचे वाटतात. फळ्यावरचा सुविचार, सखाराम नावाची स्कूटर, शिकवणीच्या फीची काळजी आणि ऊठसूट "हमारे जमाने में..."! आमचे हे मला चिडवायचे झाले की 'भिडेबाई' म्हणतात. माधवीभाभींचं लोणचं-पापडाचं काम पाहिलं की तर वाटतं, आपल्याच गल्लीतली कोणी तरी आहे.

पण एक फरक आहे. भिडे मास्तरांपुढे तीच टप्पू सेना बसलेली असते. माझ्या शिकवणीच्या पहिल्या तुकडीतली एक मुलगी परवा बाजारात भेटली, कडेवर आठ महिन्यांचं बाळ! "बाई, ओळखलं का?" म्हणाली. खरं सांगू? पहिल्या क्षणी ओळखलंच नाही. माझ्या डोळ्यांपुढे दोन वेण्यांची, अपूर्णांक पाहून रडणारी सातवीतली पोर होती. मुलं मोठी होऊन निघून जातात, मास्तरांच्या मनात मात्र ती त्याच बाकावर बसून राहतात.

माहेरी गेलेली दया

दिशा वकानी २०१७ मध्ये बाळंतपणाच्या रजेवर गेली. त्यानंतर दया काही पूर्वीसारखी घरात नांदायला आली नाही. मी हे लिहीपर्यंत तिच्या जागी दुसरी कोणी आणलेलीही नाही. टप्पू तीन झाले, सोनू चार झाल्या, पण दयाची जागा रिकामी ठेवली. ती अहमदाबादला आईकडे गेली आहे, येईल, असं ते घर सांगत राहतं. सासूबाईंना हे अजिबात पटत नाही. "इतकी वर्षं कोणी माहेरी राहते का? नवरा कसा आणाले जात नाही?" असा त्यांचा सवाल असतो. मी हसून सोडून देते.

पण या दयामुळेच मला एक गोष्ट उमगली, ती तुम्हाला सांगायची आहे. दयाची आई आठवते का? ती कधीच दिसत नाही. फक्त फोनवर असते. दया तिच्याशी तासन्‌तास बोलते, तिचे सल्ले जेठालालच्या डोक्यावर आदळतात, पण चेहरा नाही. केवळ आवाज.

माझं माहेर सिरोंचाचं. प्राणहिता आणि गोदावरीच्या काठचं, जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाचं गाव. पलीकडे तेलंगण, म्हणून आमच्या घरी मराठीत चार शब्द तेलुगूचे. ब्रह्मपुरीहून निघालं की गडचिरोली, मग आष्टी, आलापल्ली आणि त्यापुढे जंगलातला तो लांबच लांब रस्ता. पावसाळ्यात तर नदीनाले जाऊ देतील तेव्हा जायचं. सासर, शाळा, शिकवण्या, मुलांच्या परीक्षा, यातून वर्षाला एक फेरी होत असे. मागे काही ना काही कारणाने ती हुकली आणि दीड वर्ष जाणंच झालं नाही.

पण मला वाईट वाटत नव्हतं, कारण आईशी रोज फोन होत होता. दुपारी दोन ते सव्वादोन, ठरलेली वेळ. तिचा आवाज तोच, खणखणीत. "बरी आहेस ना?" "बरी आहे ग, मला काय धाड भरली!" झालं. माझ्या मनात आई तशीच, पाणी भरणारी, भर उन्हात मिरच्या वाळत घालणारी.

मागच्या मे महिन्यात गेले. जाताना तिच्यासाठी साडी घेतली आणि इथल्या शिंप्याकडून ब्लाऊज शिवून घेतला. तिचा एक मापाचा ब्लाऊज माझ्या कपाटात कितीतरी वर्षं आहे. मी तोच दरवेळी शिंप्याला देते. आईने नवा ब्लाऊज घातला आणि माझ्या पोटात धस्स झालं. खांद्यावरून उतरत होता. दंडात दोन बोटं जातील एवढा सैल. "जरा मोठा शिवला ग त्याने," आई म्हणाली, माझ्याकडे न बघता. शिंप्याने मोठा नव्हता शिवला, मैत्रिणींनो. माप जुनं होतं.

आवाज म्हातारा होत नाही, निदान फोनवर तरी. दीड वर्ष मी एका आवाजाशी बोलत होते आणि त्या आवाजामागची बाई इकडे झिजत होती. एका डोळ्याला मोतीबिंदू होता, जिना चढणं बंद झालं होतं, मिरच्या शेजारीण वाळवून देत होती. यातलं एकही तिने मला सांगितलं नाही आणि मीही 'बरी आहेस ना' यापलीकडे काही विचारलं नाही. रात्री गच्चीवर झोपल्यावर ती हळूच म्हणाली, "तू एवढ्या लांबून येतेस, तुला कशाला काळजी लावायची?" मी त्या रात्री फार रडले.

"मी काही टप्पू सेनेतली नाही!"

परत आले तेव्हा वाटलं, आता शहाणी झाले मी. पण कसलं काय! शहाणपण हे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना सांडतं.

मागच्या आठवड्यात लेकीने विषय काढला. बारावीनंतर तिला नागपूरला शिकायला जायचं आहे. इथे कॉलेजं आहेत, २०११ पासून गडचिरोलीला आपलं गोंडवाना विद्यापीठ आहे, पण तिला हवा असलेला अभ्यासक्रम नागपूरलाच बरा मिळतो असं तिचं म्हणणं. मी ताडकन म्हणाले, "एवढीशी पोर तू, एकटी कशी राहशील? साधा चहा करताना दूध उतू घालवतेस."

ती शांतपणे म्हणाली, "आई, दूध मी सातवीत उतू घालवलं होतं. आता आठवड्यातून दोनदा सकाळचा स्वयंपाक मी करते, तू शाळेत असतेस. मी काही टप्पू सेनेतली नाही, दरवर्षी त्याच वर्गात बसायला!"

मी गप्प झाले. सिरोंचाला आईचं माप चुकलं होतं, इथे लेकीचं. एकीचं मोठं धरलं, दुसरीचं लहान धरलं, चूक तीच.

चित्रीकरणात 'कंटिन्युइटी' नावाचा एक प्रकार असतो. एकच प्रसंग तुकड्या तुकड्याने, कधी वेगवेगळ्या दिवशी चित्रित होतो. म्हणून एक साहाय्यक सगळं टिपून ठेवतो. बाईच्या हातात किती बांगड्या होत्या, पदर कुठल्या खांद्यावर होता, पेल्यात पाणी किती होतं. नाही तर उजव्या हातातलं लाटणं पुढच्या क्षणी डाव्या हातात दिसायचं! आपल्या घरात हे काम कोण करतं, सांगा बरं? आपणच. कोणाला भाजीत लसूण चालत नाही, कोणाची गोळी किती वाजता, कुठली वाटी कोणाची, सगळी टिपणं आपल्या डोक्यात. घराचा धागा तुटू नये म्हणून आपण धडपडतो आणि ते योग्यच आहे. पण धागा न तुटणं वेगळं आणि काळ थांबवून धरणं वेगळं. कालची टिपणं घेऊन आज माणसांना वागवायला लागलो की आपलं घरही गोकुळधाम होतं. तिथे ते हसायला बरं वाटतं, कारण तो विनोद आहे. घरात मात्र त्याने कोणी तरी गुदमरतं, नाही तर कोणी तरी मुकाट्याने झिजतं.

हे करून पाहा

मी या दिवाळीपासून घरात काही गोष्टी ठरवल्या आहेत. मोठ्या नाहीत, पैसा लागत नाही. तुम्हालाही जमतील.

एक, दर दिवाळीला सगळ्यांची मापं नव्याने घ्यायची. कपड्यांची तर घ्यायचीच. मापाचा जुना ब्लाऊज आता शिंप्याकडे जात नाही. टेप घेऊन जवळ उभं राहिलं की माणूस किती वाळलं, किती वाकलं, हे हाताला कळतं.

दोन, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या चष्म्याचा नंबर आणि औषधांची यादी तारीख घालून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची. तारीख वर्षभरापूर्वीची दिसली की आपोआप आठवण होते. आमच्या सासूबाई टप्पूला ओळखेनात म्हणून आम्ही हसलो, पण मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही नेऊन आणलं. नंबर बदलला होता! टप्पू तिसरा होता हे खरं, पण त्यांना तो नीट दिसतही नव्हता.

तीन, फोनवर 'बरी आहेस ना' हा प्रश्न बंद. त्याला 'बरी आहे' याशिवाय उत्तरच नसतं. त्याऐवजी मी विचारते, आज काय रांधलंस, पाणी कोणी भरलं, देवळात गेलीस का, चालत की रिक्षाने? आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पावसाळ्याआधी झाली, ती या प्रश्नांमुळेच. "देवळात नाही गेले, उंबरठा दिसत नाही नीट," असं एकदा पटकन तिच्या तोंडून गेलं.

चार, मुलांच्या प्रत्येक वाढदिवसाला केकाबरोबर एक नवी जबाबदारी द्यायची. गॅसचा नंबर लावणं, बँकेतून पैसे काढणं, एकट्याने बसने आत्याकडे जाऊन येणं. आपल्याला वाटतं त्यापेक्षा ती दोन वर्षांनी मोठीच निघतात.

आणि पाच, स्वतःलाही यातून वगळायचं नाही. घरातल्या सगळ्यांचे फोटो आपण काढतो, म्हणून आपणच कुठे नसतो. मी माझा शेवटचा नीट फोटो शोधला तर लेकीच्या पहिलीच्या गॅदरिंगचा निघाला! आपलंही वय पुढे जातं आहे, गुडघे सांगत आहेत, तेव्हा आपलंही माप अधूनमधून कोणी तरी घ्यायला हवं. नाही घेतलं तर आपणच मागायला हवं.

लेकीच्या नागपूरचं म्हणाल तर, आम्ही दोघांनी बसून खर्चाचा हिशेब मांडला आहे. मुलींच्या वसतिगृहाची चौकशी चालू आहे. पुढच्या रविवारी ती एकटी बसने नागपूरला जाऊन कॉलेज पाहून येणार आहे. मी तिच्याबरोबर जायचं म्हणत होते, पण तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी डब्यात काय द्यायचं तेवढंच विचारलं.

हे सगळं बोलणं चालू असताना सासूबाईंचं लक्ष टी.व्ही.कडे होतं असं आम्हाला वाटत होतं. मध्येच जाहिरात लागली तशा त्या म्हणाल्या, "जाऊ दे व पोरीले. मोठी झाली ते. फक्त टप्पूवानी तिच्या जागी दुसरी नका आणू म्हणजे झालं!"

लेक खळखळून हसली. मीही हसले. पण मनात आलं, दोन वर्षांनी सुट्टीत ती परत येईल तेव्हा दुसरीच असेल. केस कापलेले असतील, बोलण्यात नवे शब्द असतील, आमच्या वरणभाताला नाक मुरडेल, एखादं मत आमच्याशी जुळणार नाही. तेव्हा दारातच चष्मा सारखा करून "ही ती नाही होय" असं म्हणायचं नाही, एवढं मी आत्ताच ठरवून ठेवलं आहे.

चला, साडेआठ होत आले. तवा ठेवायला हवा.